वीस ठिपके, साडेचार वेढे

१९९४ साल. मी छप्पन वर्षांचा. मे महिना होता, आणि माझ्या टेबलावर परत आलेले अकरा डबे ओळीनं मांडलेले होते.

"भाऊ, ये ग्यारह आज आए हैं," सेठजी म्हणाले. "बाकी के इकसठ इंदौर में तिवारी के यहाँ हैं. उसने बोला है, शनिवार तक बीमारी बताओ, नहीं तो सब वापस. और वापस आए तो ये लाइन बंद समझो."

लाइन बंद म्हणजे माझं टेबल बंद. सेठजींनी तसं तोंडानं म्हटलं नाही, पण त्या कारखान्यात माझं दुसरं काम तरी काय होतं?

डबा म्हणजे काय ते आधी सांगतो. केबलवाल्याच्या छतावर डिशची मोठी छत्री असायची. तिच्यातून उतरलेलं चित्र घरच्या टीव्हीच्या एका नंबरावर नेऊन बसवायचं, हे त्या डब्याचं काम. त्याला मॉड्युलेटर म्हणतात. जितकी चॅनल तितके डबे. डब्याच्या पोटात ऑसिलेटर नावाचं नखाएवढं सर्किट असतं. ते सारखं झुलत असतं, पाळण्यासारखं, पण एका सेकंदात साडेसतरा कोटी वेळा. या झुलण्याच्या चालीला फ्रीक्वेन्सी म्हणायचं. चाल एकदम एकसारखी पाहिजे. जराशी सरकली की टीव्हीवरचा रंग उडतो, आवाजात घरघर येते, आणि मोहल्ल्यातल्या बायका केबलवाल्याच्या दारात उभ्या राहतात.

आमचे डबे सकाळी चांगले चालत. दुपारी दोननंतर सरकत. आणि एकदा सरकले की रात्री गार झाले तरी पूर्ण जागेवर येत नसत. ही बीमारी.

आता माझ्याबद्दल. मी चौथी पास. चौथीनंतर मास्तरांशी भांडलो आणि शाळेत गेलो नाही. वडिलांनी उज्जैनात देवास गेटजवळ रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसवलं. तिथले उस्ताद मला कॉइल गुंडाळायला शिकले. म्हणजे ते शिकवत आणि मी शिकत होतो, पण मला आपलं असंच म्हणायची सवय आहे. चाळीस वर्षं रेडिओ केले. मग रेडिओ संपले. गल्लोगल्ली केबल आली, बाहेरचे चॅनल आले, आणि फ्रीगंजातल्या एका जैन सेठजींनी डबे बनवायचं ठरवलं. खाली मंडपवाल्याचं टेंट हाउस, पहिल्या मजल्यावर आमचा कारखाना, वर मोकळी गच्ची. मला बोलावलं तेव्हा म्हणाले, "भाऊ, कॉइल पूरे उज्जैन में आपके जैसी कोई नहीं बनाता." खरंच होतं ते. मी नम्रपणा दाखवला नाही.

ऑसिलेटरची चाल ठरते ती कॉइलवर. माझी कॉइल अशी. बावीस नंबरची तांब्याची तार, पाच मिलीमीटरच्या ड्रिलच्या दांड्यावर साडेचार वेढे. ड्रिल काढून घ्यायचं, कॉइल बोर्डावर सोल्डर करायची. मग फ्रीक्वेन्सी काउंटर लावायचा. हे मशीन झुलण्याची चाल मोजून आकड्यात दाखवतं. आकडा बघत बघत बांबूच्या काडीनं वेढे जरा दाबायचे, जरा फाकवायचे, पाहिजे तो आकडा आला की हात थांबवायचा. आणि शेवटी वर गरम मेणाचा थेंब, की वेढे हलायला नकोत. मेणात थोडी राळ मिसळायची, ती उस्तादांची पद्धत. एका डब्याला मला चार मिनिटं लागत. दुसऱ्या कोणालाही वीस.

सेठजींकडे एक इंजिनीअर होती, नीलिमा. इथल्याच इंजिनीअरिंग कॉलेजातून पास झालेली, चोवीस वर्षांची. घर माधव नगरात, वडील बँकेत. लूनावर यायची. तिच्यासाठी सेठजींनी एक कॉम्प्युटर घेतला होता, आणि त्याच्यासाठी कारखान्यातली एकुलती एक थंड खोली. दाराशी चपला काढायच्या. देवळात आणि तिथे. मी त्या खोलीत जात नसे. चपला काढायला माझी हरकत नव्हती, पण कोणासाठी काढतो ते तरी कळायला पाहिजे ना.

त्या सोमवारी ती स्वतः माझ्या टेबलाशी आली.

"काका, तुमच्या कॉइलची व्हॅल्यू किती?"

"साडेचार वेढे. पाच नंबरचं ड्रिल."

"ते नाही. नॅनोहेन्रीत. कॉइल त्यात मोजतात."

"ते तुझं तू बघ. मी वेढ्यात सांगितलं."

"बरं, लांबी किती? म्हणजे पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत?"

"ती प्रत्येक डब्यात वेगळी. काउंटर सांगेल तितकी."

ती हसली नाही, रागावली पण नाही. पट्टी घेऊन अकराच्या अकरा कॉइली मोजल्या, वहीत लिहिल्या, सरासरी काढली, सूत्रात टाकली. "सत्तर," म्हणाली. मी म्हटलं, "बरं, सत्तर." मला काय.

तिचं म्हणणं असं होतं. सर्किटमधले सगळे भाग कॉम्प्युटरला लिहून सांगायचे. कोणता ट्रान्झिस्टर, कोणता कपॅसिटर, कोण कोणाला जोडलेला. मग कॉम्प्युटर तारांशिवाय, सोल्डरशिवाय ते सर्किट नुसत्या गणितावर चालवून दाखवतो. याला सिम्युलेशन म्हणतात. मग त्याला सांगायचं, की आता समज ट्रान्झिस्टर तापला, चाल किती सरकली सांग. मग समज कपॅसिटर तापला. असं एकेकाला तापवत गेलं की चोर सापडतो. खरा डबा तापवला तर सगळेच एकदम तापतात, कोण सरकला ते कळत नाही. इथे एकेकाला वेगळा काढता येतो.

ऐकायला बरोबर वाटत होतं. मी तिला तसं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरचं सर्किट झुलेचना. दोन तास ती डोकं धरून बसली. मग कळलं की त्याला धक्का द्यावा लागतो. खऱ्या सर्किटात बटण दाबलं की थोडी खडखड आपोआप होते आणि तेवढ्यावर झुलणं सुरू होतं. गणितात खडखड नसते. पाळणा बरोबर मध्यावर उभा असला तर तो युगानुयुगं तसाच उभा राहणार. तिनं सुरुवातीला एक झटका लिहिला, तेव्हा झुलायला लागलं. चहाच्या वेळी तिनं हे मला सांगितलं, आणि मी म्हटलं, "म्हणजे तुझं सर्किट सरकारी नोकर आहे." त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

मंगळवारी कॉम्प्युटर म्हणाला, चोर ट्रान्झिस्टर. सेठजींनी इंदूरहून दुसऱ्या कंपनीचे ट्रान्झिस्टर मागवले. मी तीन डब्यांत बदलले, डबे गच्चीवर उन्हात ठेवले. दोन तासांत पहिल्यासारखेच सरकले.

बुधवारी सकाळी कॉम्प्युटर म्हणाला, चोर कपॅसिटर. मी म्हटलं, "काल काय बोलला होता तो?"

"काल थोडी सेटिंग वेगळी होती, काका."

"साक्षीदार रोज बयान बदलतो, त्याला कोर्टात काय म्हणतात माहीत आहे?"

सेठजी मध्ये पडले. "भाऊ, टाँग मत खींचो. अंदर जाकर देखो ना, वो क्या कर रही है."

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा चपला काढून त्या खोलीत गेलो. कूलरच्या वाळ्याचा वास, हिरवी अक्षरं, आणि एक छपाईचं मशीन, जे करकर करत ओळ छापायचं. मी स्टुलावर बसलो. म्हटलं, "आता माझ्यासमोर चालव. कॉइल थोडी वाढव."

तिनं सत्तरचे सत्तर पूर्णांक एक केले. दहा मिनिटांनी आकडा आला. वाढव म्हटलं, अजून एक दशांश वाढवला. अजून दहा मिनिटं. मी आकडे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेत होतो. तिसऱ्यांदा मी तिला थांबवलं.

"हे बघ. कॉइल वाढवली तर चाल कमी व्हायला पाहिजे. होय का नाही?"

"हो."

"पहिल्यांदा कमी झाली. दुसऱ्यांदा वाढली. कॉइल वाढली आणि चालही वाढली. हे कोणत्या पुस्तकात आहे? मला चौथीपर्यंतचंच माहीत आहे."

ती चिठोऱ्याकडे बघत राहिली. तिला लागलं असणार. मला तेव्हा बरं वाटलं, हे लपवत नाही.

"झुला कसा दिसतो ते छाप," मी म्हटलं. मी चाळीस वर्षं सीआरओच्या पडद्यावर झुला बघितलेला माणूस. सीआरओ म्हणजे लाट दाखवणारं मशीन. ऑसिलेटरची लाट कशी गोल असते, लोण्यातून सुरी फिरवल्यासारखी, ते माझ्या डोळ्यात बसलेलं. तिनं एकच झुला मोठा करून छापला. कागद बाहेर आला आणि मी तो खिडकीशी धरला. लाट गोल नव्हतीच. कोपरे कोपरे होते. सरळ रेघ, कोपरा, सरळ रेघ, कोपरा.

"हे काय?"

"प्रिंटर जाडा छापतो, काका."

"प्रिंटरचे दाणे बारीक आहेत. हे कोपरे मोठे आहेत. मोज."

तिनं पेन्सिलीनं मोजले. एका झुल्यात वीस ठिपके.

मग तिनं मला समजावलं, आणि समजावताना तिलाच समजत गेलं, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. कॉम्प्युटर झुला सतत बघत नाही. मध्ये मध्ये डोळे उघडतो. डोळे उघडले त्या क्षणाचा आकडा काढतो, मिटतो, पुढच्या क्षणाला परत उघडतो. मधल्या जागेचा अंदाज करतो. दोन उघडण्यांमधल्या अंतराला टाइम स्टेप म्हणतात, वेळेचं पाऊल. हे पाऊल किती टाकायचं ते प्रोग्राम आपल्या मनानं ठरवत होता, प्रत्येक वेळी थोडं वेगळं. तिनं त्याला फक्त कमाल मर्यादा घालून दिली होती, आणि ती मर्यादा होती झुल्याला वीस पावलं.

"वीस पुष्कळ असतात म्हणून शिकवलं होतं," ती म्हणाली.

"आम्ही ड्रिलचा घेर पट्टीनं मोजत नाही," मी म्हटलं. "सरळ पट्टी गोल वस्तूला लावत लावत गेलं की घेर नेहमी कमी भरतो. कोपरे आतून कापले जातात. दोरा लावावा लागतो. दोरा नसेल तर पट्टी बारीक कर."

तिनं कागदावर भराभर काहीतरी मांडलं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"काका, तसंच आहे. चाल कमी भरते. वीस पावलांना शंभरात पाऊण भागाच्या वर चूक. म्हणजे जवळजवळ दीड मेगाहर्ट्झ, सेकंदाला पंधरा लाख झुले."

"आणि आपले डबे किती सरकतात?"

"एक तृतीयांश मेगाहर्ट्झ."

म्हणजे तराजूच्या काट्यातच पाव किलोचा फरक, आणि आम्ही त्यावर सोनं तोलत होतो. ट्रान्झिस्टर काय आणि कपॅसिटर काय, जे दिसत होतं ते काट्याचं हलणं होतं.

"पाऊल निम्मं केलं तर चूक निम्मी?" मी विचारलं.

"नाही. चौथाई." हे सांगताना तिचा चेहरा असा झाला की जणू कोणी बक्षीस दिलं. "चाळीस पावलं केली तर चौथाई, ऐंशी केली तर सोळावा हिस्सा, एकशे साठ केली तर चौसष्टावा."

"मग कर एकशे साठ."

"दहा मिनिटांचं काम दीड तास होईल. एका वेळी."

"कूलर आहे ना. बसू."

अजून एक गोष्ट मी तिथे बघितली. ती एकाच झुल्याची वेळ मोजून त्यावरून चाल काढत होती. मी म्हटलं, आमचा काउंटर असं करत नाही. तो अख्खा सेकंदभर झुले मोजतो, मग आकडा सांगतो. एका ठोक्यावर वैद्य नाडी सांगत नाही. तिनं मान्य केलं. सुरुवातीचे झुले, जेव्हा लाट अजून मोठी होत असते, ते सोडून द्यायचे, मग पुढचे दोनशे झुले मोजायचे आणि लागलेल्या वेळेनं भागायचं, असं ठरलं. आणि पावलाचा आकार प्रोग्रामच्या मर्जीवर सोडायचा नाही. सगळ्या रनला एकच पाऊल.

गुरुवारी सकाळी नऊला सुरू केलं. आधी तिनं नुसतंच पाऊल बदलून तेच सर्किट चालवलं. वीसला एकशे त्र्याहत्तर पूर्णांक आठ मेगाहर्ट्झ. चाळीसला एकशे चौऱ्याहत्तर पूर्णांक पंच्याऐंशी. ऐंशीला एकशे पंचाहत्तर पूर्णांक अकरा. मी चिठोऱ्यावर फरक काढला. पहिली उडी मोठी, दुसरी तिच्या चौथाई. तिनं सांगितलं होतं अगदी तसं. मला गणित येत नाही, पण आकडे शिस्तीत चालायला लागले की हाताला कळतं. काडीनं वेढा दाबताना काउंटरचा शेवटचा आकडा हळूहळू थांबतो ना, तसं वाटलं.

एकशे साठ पावलांचा रन अर्ध्यावर होता आणि बत्ती गेली. मे महिन्यातलं उज्जैन, दुपारचे बारा. कॉम्प्युटर काळा. सगळं पहिल्यापासून.

सेठजी खाली टेंट हाउसवाल्याकडे गेले. त्याचा जनरेटर एका लग्नासाठी धुऊन पुसून तयार उभा होता. बरीच घासाघीस झाली. "पाँच बजे तक. बारात वाले मेरा गला पकड़ लेंगे," तो म्हणाला. आणि त्या गुरुवारी वरातीच्या जनरेटरवर आमचा ऑसिलेटर झुलला. खालून भक भक आवाज, सगळी इमारत थरथरायची, नीलिमा एका हातानं मॉनिटर धरून बसलेली. आज ते आठवलं की हसू येतं. मुलाकडे आता खिशातल्या फोनमध्ये त्याच्या हजारपट मशीन आहे म्हणे. असेल. पण त्या फोनसाठी कोणी वरातीचा जनरेटर मागून आणला नाही.

साडेतीनला आकडा आला. एकशे पंचाहत्तर पूर्णांक अठरा. चांगल्या गार डब्याला काउंटर लावला की तो एकशे पंचाहत्तर पूर्णांक पंचवीस दाखवी. सेठजींनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितले आणि पेढे मागवले. मी एकच खाल्ला. मला अजून चोर पाहिजे होता.

खरं म्हणजे त्या वेळी मी छाती काढून फिरत होतो. मशीन खोटं बोलत होतं आणि चौथी पास माणसानं पकडलं, हे मी टेंट हाउसवाल्याला पण सांगून आलो.

रात्री बत्ती आली, आणि शुक्रवारी पहाटेपासून तिनं एकेकाला तापवलं. आता ट्रान्झिस्टर तापला तर आकडा थोडासा सरकला, दरवेळी तेवढाच, त्याच बाजूला. कपॅसिटर तापले, सरकला, त्याहून जरा जास्त. वीजपुरवठा कमीजास्त केला, नावालाच. दुपारी साडेबाराला तिनं सगळ्यांची बेरीज केली. ती मला दाखवायला आली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडून जेवत होतो. कैरीची चटणी होती, हे पण आठवतं.

"काका, सगळे मिळून एक तृतीयांशातला तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही."

"मग परत चुकलं असेल तुझं."

"नाही चुकलं. पाऊल निम्मं करून पण बघितलं. हलत नाही आकडा." तिनं बेरजेच्या खाली बोट ठेवलं. "एक भाग मी तापवलाच नाही."

मला कळलं. तरी मी म्हटलं, "कोणता?"

"सगळ्या भागांचा कंपनीचा कागद आहे. तापल्यावर किती बदलतो ते त्यात लिहिलेलं असतं. तुमच्या कॉइलचा कागद नाही."

"माझ्या कॉइलला कागद लागत नाही."

"म्हणून मी उलटा हिशेब केला. उरलेली सगळी सरक कॉइलमुळे असेल, तर ती किती बदलली पाहिजे? चारशे भागांतला एक भाग. बस."

चारशेत एक. तिला तो नुसता आकडा होता. माझ्या बोटांना तो काय आहे ते लगेच समजलं. दोन वेढ्यांमध्ये केस जाईल न जाईल इतकं अंतर. काडीच्या टोकाचा एक स्पर्श. मी दिवसातून साठ वेळा करतो तो.

"मेण आहे वर," मी म्हटलं. "वेढे हलूच शकत नाहीत. चाळीस वर्षं मेण लावतो आहे. उस्तादांनी पन्नास वर्षं लावलं."

"कशावर, काका?"

"रेडिओवर."

ती परत खोलीत गेली. अजून काही बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी हरत नाही.

मी जेवण अर्धं ठेवलं. अजून न सरकलेला एक डबा घेतला, काउंटर घेतला, लांब तार घेतली आणि एकटाच गच्चीवर गेलो. फरशीवर पाय ठेववत नव्हता. डब्याचं झाकण उघडलं. कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टरवर ओल्या रुमालाची घडी धरली, पाणी खाली उतरणार नाही इतकी पिळून. फक्त कॉइल उन्हात. भिंग होतं माझ्याकडे, भागांवरचे रंगाचे पट्टे वाचायचं, त्यातून जरा ऊन कॉइलवर पाडलं. आणि आकडा बघत बसलो.

एकशे पंचाहत्तर पूर्णांक पंचवीस. थोडा वेळ काही नाही. मग सव्वीस. अठ्ठावीस. तेहतीस. मेण वितळलं नव्हतं. नुसतं चमकायला लागलं होतं, मऊ झाल्यावर चमकतं तसं. आणि वेढे, जे मी दाबून दाबून जवळ आणले होते, ते आपल्या मूळ जागी जायला निघाले होते. तांब्याला आठवण असते. दाबलेली तार मोकळं व्हायला बघते. मेण गार असेपर्यंत धरून ठेवतं, मऊ झालं की सोडतं, आणि गार झालं की सुटलेल्या जागी परत धरतं. म्हणून डबे रात्री पण परत येत नव्हते. वेढे फाकले की कॉइल कमी, कॉइल कमी की चाल जास्त. पन्नासला आकडा थांबला. सरक बहुतेक सगळी.

रेडिओत हे कधी दिसलं नाही, कारण रेडिओ सेकंदाला दहा लाख वेळा झुलतो. कॉइल चारशेव्या हिश्श्यानं हलली तरी काटा जरा फिरवला की गाणं तिथेच. साडेसतरा कोटीत तेवढ्यानं रंग जातो. उस्ताद चुकले नव्हते. मी त्यांची पद्धत जिथे चालत नव्हती तिथे घेऊन आलो होतो, आणि कोणी विचारू नये म्हणून कागद ठेवला नव्हता.

किती वेळ बसलो माहीत नाही. नीलिमा वर आली, मला उन्हात बघून ओरडली नाही, पाण्याचा तांब्या ठेवला. काउंटरकडे बघितलं.

"बिना मेणाची कॉइल कशी टिकवायची?" तिनं विचारलं. चोर सापडला, असं नाही म्हणाली. तिच्याबद्दल मला जे काही वाटतं ते त्या क्षणापासून.

मी म्हटलं, "पहिल्यापासूनच बरोबर लांबीची गुंडाळायची. दाबायची नाही. म्हणजे तारेला परत जायला जागाच नाही. आणि आकडा कॉइलवर नाही, ट्रिमरवर मिळवायचा." ट्रिमर म्हणजे स्क्रूनं फिरवायचा छोटा कपॅसिटर. "वरून मेणाऐवजी वार्निश."

"लांबी किती ठेवायची?"

"तू सांग. नॅनोहेन्रीत."

तिनं खाली जाऊन एकशे साठ पावलांवर लांबी काढली. सहा पूर्णांक आठ मिलीमीटर. मी तशी गुंडाळली, वार्निश दिलं, वाळू दिलं, भिंगाखाली धरलं. शेवटचा आकडा तेवढा हलला.

सेठजींना संध्याकाळी सांगितलं. ते खूश झाले आणि लगेच धंद्यावर आले.

"तिवारी को बोल देंगे, कपॅसिटर का लॉट खराब था. दिल्ली का माल. आपका नाम क्यों आए, भाऊ?"

"नाव माझंच आहे, सेठजी."

"अरे, पूरे इंदौर में आपकी कॉइल का नाम है."

"म्हणूनच. कपॅसिटर बदलून देऊ आणि डबे परत सरकतील. मग काय सांगणार? आणि कपॅसिटरवाल्यानं काय केलं आहे?"

सेठजींनी नीलिमाकडे बघितलं. ती खाली बघत होती. "जैसी आपकी मर्ज़ी," ते म्हणाले. "पर जाओगे आप ही. मुझसे ये बात बोली नहीं जाएगी."

पुढचं आताच सांगून टाकतो. डबे परत आले नाहीत. लाइन चार वर्षं चालली, मग बाहेरून तयार डबे स्वस्तात यायला लागले आणि ती आपोआप बंद झाली, कोणाची चूक नसताना. नीलिमा त्याच्या आधीच लग्न होऊन पुण्याला गेली. अजून दिवाळीला फोन करते. मी विचारतो, "पाऊल किती ठेवतेस आता?" ती म्हणते, "काका, आता मशीन स्वतःच ठरवतं." मी म्हणतो, "ठरवू दे. तू निम्मं करून बघ."

या सगळ्यात मी काय शिकलो, असं लोक विचारतात. एवढंच. जोपर्यंत कॉम्प्युटर दीड मेगाहर्ट्झनं चुकत होता, तोपर्यंत माझी एक तृतीयांशाची चूक त्याच्या आडोशाला सुखात होती. त्याची चूक काढायला मीच बसलो, आणि तो सुधारला तेव्हा त्यानं पहिलं बोट माझ्याकडे केलं. दुसऱ्याचं माप दुरुस्त करायला जाणाऱ्यानं ही तयारी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी सकाळी सहाला देवास गेटवरून इंदूरची पहिली बस पकडली. पिशवीत काउंटर, सोल्डरिंग आयर्न, ट्रिमर, वार्निशची बाटली, आणि वाळवलेल्या तेवीस कॉइली. जेवढ्या वाळल्या होत्या तेवढ्या. तिवारीचं दुकान अजून उघडायचं होतं. मी पायरीवर बसलो. तो आला, शटर वर केलं, मला ओळखून म्हणाला, "आइए भाऊ. किसकी गलती निकली?"

मी म्हटलं, "मेरी. प्लग किधर है?"